शिडाच्या बोटीच्या सीलंटवर काळी बुरशी: सल्ला हवा (मुंबई)

सागरगोटा
नमस्कार मंडळी. आम्ही चार मित्रांनी मिळून एक जुनी २६ फुटी फायबरची शिडाची बोट घेतली आहे. हंगामात ती गेटवेसमोर मूरिंगवर (समुद्रात कायम बांधलेली) असते. मे अखेरीस किनाऱ्यावर काढून ताडपत्रीखाली ठेवतो. यंदा दसऱ्यानंतर ताडपत्री उघडली आणि जीव चुटपुटला. खिडक्यांच्या कडेने, हॅचच्या (डेकवरच्या झाकणाच्या) चौकटीभोवती, रेलिंगच्या खांबांच्या बुडाशी, जिथे जिथे फटी बुजवणारं पांढरं सीलंट आहे तिथे काळे-हिरवे ठिपके. साबण लावून ब्रशने घासलं. हिरवं गेलं, काळं तसंच आहे.

हे कशाने निघेल? आणि यार्डातला मिस्त्री म्हणतोय, "वरून सिलिकॉनचा एक हात मारतो, पांढरंशुभ्र दिसेल." मारू द्यावा का?

फायबरवाला
मिस्त्रीला आजच फोन करून थांबवा. जुन्या सीलंटवर नवं सिलिकॉन नीट धरत नाही. शिवाय सिलिकॉनचा न दिसणारा थर आजूबाजूच्या जेलकोटवर (फायबरच्या वरच्या गुळगुळीत थरावर) राहतो आणि पुढे तिथे ना रंग बसत, ना दुसरं सीलंट. खाली बुरशी जिवंत राहते ती वेगळीच. माझ्या पहिल्या बोटीवर मी हेच करून घेतलं होतं. तो थर खरवडण्यात पुढचा अख्खा महिना गेला.

आधी ते काळं नक्की काय आहे ते बघा. घरातलं साधं ब्लीच (सोडियम हायपोक्लोराइट) कापसाच्या बोळ्यावर घ्या, एका डागावर एक थेंब टेकवा आणि दोन मिनिटं थांबा. डाग फिका पडला तर बुरशी. जराही फरक पडला नाही तर ती लाँचच्या डिझेलची काजळी किंवा धूळ असेल, नाहीतर सीलंटच उन्हाने मेलं असेल. नखाने दाबून बघा. चिकट लागलं किंवा खडूसारखी भुकटी निघाली तर ते साफ करण्यात अर्थ नाही, काढावंच लागेल.

बुरशी निघाली तर एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी. सांधा उभा असेल तर पाणी ओघळून जातं, म्हणून टिश्यू पेपरच्या पट्ट्या त्यात भिजवून सांध्यावर चिकटवा, वर स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिक फिल्म लावा. तासाभराने काढा, मऊ ब्रश फिरवा आणि गोड्या पाण्याने भरपूर धुवा. ब्लीच ताजं आणा. उन्हात, उकाड्यात पडून राहिलेल्या बाटलीतला जोर ओसरलेला असतो. शिडं, दोर आणि ॲल्युमिनियमच्या डोलकाठीवर थेंबही जाऊ देऊ नका. स्टीलवर सांडलं तर लगेच धुवा, नाहीतर ते गंजाचे ठिपके धरतं. प्रेशर वॉशर अजिबात नको, त्याने सीलंटची कड उचलली जाते.

खारी_झुळूक
वर सगळं बरोबर आहे, पण एक गोष्ट कळकळीने सांगते. ब्लीचबरोबर दुसरं काहीही मिसळू नका. टॉयलेट क्लीनरमध्ये ॲसिड असतं, ब्लीचशी गाठ पडली की क्लोरीन वायू सुटतो. अमोनियावाल्या काचेच्या क्लीनरशी मिसळलं तरी विषारी वायूच होतो. आमच्या खलाशाने दोन्ही एकामागून एक ओतलं होतं, तेही केबिनच्या आत. त्याला ओढून बाहेर काढलं, दवाखान्यात नेलं. दोन दिवस खोकत होता बिचारा. हॅच उघडे ठेवा, हातमोजे आणि चष्मा घाला.

बुरशी सिलिकॉन खात नाही. त्यावर साचलेली धूळ, साबणाचा थर, कावळ्या-घारींची घाण, पानांचा कचरा, हे तिचं अन्न. त्यात मीठ. पावसाळ्यात आपल्या घरी मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तसंच बोटीवरही होतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून घेतं, आणि मुंबईत जून ते सप्टेंबर ती बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. म्हणजे मीठ न धुता ताडपत्री टाकली की सांधे चार महिने ओलेच. आम्ही मे महिन्यात बोट वर काढली की सगळी गोड्या पाण्याने धुतो, दोन दिवस कडकडीत उन्हात वाळवतो आणि मगच झाकतो.

ताडपत्री डेकला चिकटवून बांधू नका. मधे बांबू आडवा टाकून तंबूसारखी उंच करा, दोन्ही टोकं उघडी ठेवा. वारा खेळला पाहिजे.

सागरगोटा
दोघांचेही मनापासून आभार. आमची ताडपत्री अगदी घट्ट गुंडाळलेली होती, हे वाचून चूक कळली.

आज थेंबाची चाचणी केली. खिडक्या आणि हॅचवरचे डाग मिनिटभरात फिके पडले. पण उजव्या बाजूच्या दोन खांबांच्या बुडाशी काहीच फरक नाही. तिथलं सीलंट बोटाने दाबलं तर कड उचलली गेली. खाली लॉकरमध्ये हात घातला तर छताला ओल आहे. काळजी वाटतेय.

वसईचा_नाखवा
दादा, मग तुमच्या बुरशीने तुमच्यावर उपकारच केलेत. सांधा सुटलाय, पाणी मागून येतंय, म्हणून तिथे काळं धरतं. वरून पुसून काही होणार नाही. आमच्या वडिलांच्या लाकडी होड्यांना फळ्यांच्या फटीत कापूस ठासून राळ भरायचे, आणि बोट वर आली की प्रत्येक फट तपासायचे. फायबरला फटी कमी, पण खांबाचं प्रत्येक भोक ही एक फटच आहे.

आधी गळती पक्की शोधा. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने नळी घेऊन खालून वर सरकत हळूहळू पाणी सोडायचं. वरून सुरुवात केली तर सगळंच ओलं होतं आणि काही कळत नाही.

मग नट सोडवा. खांबाचं बूड उचकटू नका, जेलकोट तडकेल. तंगूस (मासे पकडायची नायलॉनची दोरी) घ्या, दोन्ही हातांनी ताणून करवतीसारखी बुडाखाली फिरवा, जुनं सीलंट कापलं जाईल. उरलेलं प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. आता भोकाच्या आत नीट बघा. दोन फायबरच्या थरांमध्ये बाल्सा लाकूड असेल आणि ते काळं, भिजलेलं निघालं, तर कुजका भाग कोरून काढा आणि उरलेलं पूर्ण वाळू द्या. घाई केलीत तर ओल आतच कोंडेल. नंतर भोक इपॉक्सीने भरून पुन्हा पाडा. भोकाचं वरचं तोंड थोडं रुंद करा म्हणजे बोल्टभोवती सीलंटची कडी बसते. कसताना बोल्ट धरून ठेवायचा आणि खालून नट फिरवायचा. बोल्ट फिरला की ती कडी तुटते. सगळं सीलंट पिळून बाहेर येईल इतकं आवळू नका, मधे थर राहायला हवा.

सागरगोटा
नाखवा, इतकं सविस्तर लिहिलंत, खूप आधार वाटला. सीलंट कोणतं घेऊ? नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात मिळेल का?

फायबरवाला
खांबांना मरीन पॉलियुरेथेन, सिकाफ्लेक्स २९१ आयसारखं. थ्रीएमचं ५२०० नको. ते इतकं धरतं की पुढे खांब काढताना डेकही सोबत येतं. खिडक्या ॲक्रिलिकच्या असतील तर पॉलियुरेथेन सरसकट वापरू नका, त्यासाठीचं वेगळं, उन्हाला टिकणारं येतं. ॲक्रिलिकला थिनर, ॲसिटोन, स्पिरिट काहीही लावू नका, बारीक तडे जातात.

नागदेवीला हत्यारं, मास्किंग टेप, हातमोजे सगळं मिळेल. पण सीलंट मरीनचा माल ठेवणाऱ्याकडूनच घ्या आणि ट्यूबवरची तारीख वाचा. जुनी ट्यूब आतच घट्ट झालेली असते. पॉलियुरेथेन हवेतल्या दमटपणाने घट्ट होतं, त्यामुळे आपल्याकडे ते लवकर धरतं. भरल्यावर लगेच टेप काढा, कातडी धरायच्या आत. दिवसाला साधारण ३ मिमी आत पक्कं होतं, म्हणून आठवडाभर त्या खांबाला दोर बांधू नका.

सागरगोटा
मिस्त्रीला नाही म्हटलं. ताडपत्रीसाठी बांबूही सांगून ठेवलेत. खिडक्या आज टिश्यूच्या पट्ट्यांनी केल्या, नव्वद टक्के पांढऱ्या झाल्या. एका कोपऱ्यात डाग आत मुरलाय, तो तुकडा कापून काढेन. खांब शनिवारी सोडवतो. आत बाल्सा कसा निघाला ते इथेच लिहितो. नाखवा, तेव्हा जरा लक्ष ठेवा.

वसईचा_नाखवा
फोटो टाका, बघतो. आणि तंगूस जाड घ्या, बारीक तुटते आणि हात कापतो.