1870 पासूनचं दरडोई उत्पन्न: मालिका जोडली की आलेख उडी मारतो

हर्णैबंदर:
नमस्कार मंडळी. एम.ए.च्या प्रबंधासाठी ब्रिटन, जर्मनी आणि अमेरिका यांचं 1870 पासूनचं दरडोई उत्पन्न मांडतोय. 2008 पर्यंत अर्थ-इतिहासकार अँगस मॅडिसन यांची जुनी फाइल घेतली, पुढची वर्षं ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या नव्या फाइलमधून. 2009 ला तिन्ही देशांची रेघ एकदम वर जाते. त्या वर्षी तर जागतिक मंदी होती! दुसरं म्हणजे 1932 ते 1950 असा वाढीचा दर काढला तर अमेरिका भलतीच पुढे दिसते. हे प्रबंधात चालेल का?

खाडीकाठ:
उडी उत्पन्नाची नाही, मापाची आहे. जुनी फाइल 1990 च्या किमतींच्या डॉलरमध्ये, नवी 2011 च्या. एकाचं माप पायली आणि दुसऱ्याचं किलो, आणि दोन्ही एकाच रकान्यात ओतले, असं झालंय.

तुमच्या तिन्ही देशांसाठी नव्या फाइलमध्ये 1870 पासूनची सलग वर्षं आहेत, तेव्हा सांधाच मारू नका, जुनी फाइल बाजूला ठेवा. सांधा मारावाच लागला तर दोन्ही मालिकांत असलेलं एक वर्ष निवडा. समजा त्या वर्षी जुना आकडा 5,000 आहे आणि नवा 8,000. गुणोत्तर 1.6. जुन्या मालिकेतला प्रत्येक आकडा 1.6 ने गुणा. पातळी बदलते, वाढीचे दर जुनेच राहतात. ते वर्ष मात्र युद्धाचं किंवा मंदीचं नको, कारण त्या वर्षातली मोजणीतली चूक गुणोत्तरात शिरते आणि मग अख्ख्या मालिकेला चिकटते.

1932 ते 1950 चालणार नाही. 1929 ते 1933 या काळात अमेरिकेचं वास्तव उत्पादन पाव हिश्शाहून जास्त घसरलं होतं. खड्ड्याच्या तळापासून मोजलं तर कुठलाही देश धावतानाच दिसणार. मॅडिसन यांचे टप्पे वापरा: 1870–1913, 1913–1950, 1950–1973 आणि त्यापुढचा काळ. 1913–1950 मध्ये दोन महायुद्धं आणि महामंदी एकाच सरासरीत दडपली जातात, एवढं मजकुरात नमूद करा.

दर काढताना एकूण वाढीला वर्षांनी भागू नका. 35 वर्षांत उत्पन्न दुप्पट झालं तर 100 भागिले 35 केल्यावर 2.86 टक्के येतात, ते चूक. दोन्ही टोकांच्या आकड्यांचा नैसर्गिक लॉग घ्या (एक्सेलमध्ये एलएन), वजाबाकी करा, वर्षांच्या संख्येने भागा: 0.693 भागिले 35, म्हणजे 1.98 टक्के. उभा अक्षही लॉगप्रमाणात ठेवा (म्हणजे सारख्या टक्क्यांची वाढ सारख्याच उंचीची दिसते). साध्या प्रमाणात अख्खं एकोणिसावं शतक तळाशी सपाट दिसतं. लॉगवर अमेरिकेची रेघ, महामंदी आणि युद्धाचा काळ सोडला तर, जवळपास सरळ दिसते, वर्षाला सुमारे 2 टक्क्यांची.

जयगड_दीपस्तंभ:
आधारवर्षाच्या, म्हणजे ज्या वर्षाच्या दरांनी सगळं मोजतो त्या वर्षाच्या, किमतींकडेही बघा. बहुतेक विद्यार्थी इथेच घसरतात.

एक बंदर घ्या. पहिल्या साली 100 किलो बांगडा, 10 रुपये किलो. बर्फाच्या 10 लाद्या, 100 रुपयांना एक. पुढे बर्फाचा कारखाना आला. बांगडा तेवढाच, पण 50 रुपये किलो. लाद्या 100, दर 50. जुन्या किमतींनी उत्पादन 2,000 वरून 11,000 झालं, म्हणजे साडेपाच पट. नव्या किमतींनी 5,500 वरून 10,000, म्हणजे 1.82 पट. मासळी तीच, बर्फ तोच. जी वस्तू झपाट्याने वाढते तीच स्वस्त होते, म्हणून जुन्या किमती वाढ फुगवतात. दोन्ही उत्तरांचा गुणाकार करून वर्गमूळ घेतलं की 3.16 येतं, हाच फिशर निर्देशांक.

ब्रिटनच्या बाबतीत सुती कापडाला किती भार द्यायचा, हाच वाद होता. क्राफ्ट्स आणि हार्ली या अर्थ-इतिहासकारांनी 1980 च्या दशकात औद्योगिक क्रांतीतल्या वाढीचे जुने आकडे बरेच खाली आणले, त्यामागचं एक मोठं कारण हे.

हर्णैबंदर:
मनापासून आभार. कर्जाचं जीडीपीशी प्रमाणही हवं आहे. त्यासाठी जॉर्डा, शुलारिक आणि टेलर यांची फाइल घेतलीय. त्यातला चालू किमतींचा (त्या त्या वर्षीच्या दरांनी मोजलेला) जीडीपी मॅडिसन यांच्या लोकसंख्येने भागला तर जर्मनीचे आकडे जुळत नाहीत.

खाडीकाठ:
जुळणारच नाहीत. मॅडिसन यांनी शक्य तिथे आजच्या सीमा धरून आकडे बसवलेत. चालू किमतींचे आकडे त्या त्या वेळच्या सीमांचे असतात. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहात जर्मनीचा सुमारे 13 टक्के भूभाग आणि 10 टक्के लोक गेले, दुसऱ्या महायुद्धानंतर 1990 पर्यंत आकडे पश्चिम जर्मनीचे. अंश आणि छेद एकाच फाइलमधून घ्या. कर्ज आणि जीडीपी दोन्ही त्याच फाइलमध्ये आहेत, लोकसंख्येची गरजच नाही.

वेंगुर्ला_वाचक:
पुढे मजुरीकडे वळलात तर अर्थ-इतिहासकार रॉबर्ट ॲलन यांची पद्धत पाहा: दिवसाची मजुरी गुणिले 250 (वर्षातले कामाचे दिवस), भागिले कुटुंबाच्या जगण्याच्या टोपलीची, म्हणजे जगायला लागणाऱ्या वस्तूंची, वर्षाची किंमत. त्यातला 250 हा आकडा गृहीत धरलेला आहे. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तिथे हंगामातला रोज 365 ने गुणून वर्षाची कमाई निघेल का? हम्फ्रीज आणि वाइसडॉर्फ या संशोधकांनी म्हणूनच वर्षाच्या करारावरच्या मजुरांचे आकडे घेतले, आणि इंग्लंडचं चित्र बरंच वेगळं निघालं.

जयगड_दीपस्तंभ:
देशांच्या महागाईची सरासरी काढणार असाल तर जर्मनीची 1922 आणि 1923 ची महागाई आधी बाजूला काढा. नोव्हेंबर 1923 मध्ये 1 लाख कोटी कागदी मार्कांना एक रेंटनमार्क (नवं चलन) मिळत होता. तो एक कप्पा आत राहिला तर जॉर्डा यांच्या फाइलमधल्या 18 देशांची सरासरी त्याच्यामागे वाहून जाते. सरासरीऐवजी मध्यक (क्रमाने लावल्यावर मधला आकडा) घेतलात तर वर्षं गाळायची वेळच येणार नाही.