सवलतीचेही नियम असतात

नमाजाच्या नियमांत सवलतीला जागाच नाही, असे कोणी म्हटले तर ते मला पटत नाही. आजारी माणसाने बसून, तेही न जमल्यास पडल्या पडल्या खुणेने नमाज अदा करावी, ही मुभा तर सर्वश्रुत आहे. मात्र सवलतीलाही स्वतःचे नियम असतात. प्रवासात जोहर (दुपारची), असर (दुपारनंतरची) आणि इशा (रात्रीची) या नमाजांच्या चार फर्ज, म्हणजे सक्तीच्या, रकातींच्या (रकात म्हणजे उभे राहणे, वाकणे आणि सजदा यांची एक फेरी) दोन होतात, पण फजरच्या (पहाटेच्या) दोन आणि मगरिबच्या (सूर्यास्तानंतरच्या) तीन तशाच राहतात. हनफी मतानुसार (हनफी आणि शाफई हे सुन्नी इस्लामी कायद्याचे दोन पंथ) एका ठिकाणी १५ किंवा अधिक दिवस मुक्कामाचा इरादा केला की ही सूट संपते.

प्रवासी माणूस स्थानिक इमामामागे (नमाज पढवणाऱ्यामागे) उभा राहिला, तर त्याला चारही रकाती पूर्ण कराव्या लागतात. उलट इमामच प्रवासी असेल, तर तो दोन रकातींनंतर सलाम फेरतो (म्हणजे नमाज संपवतो), आपण प्रवासी असल्याचे सांगतो आणि मागचे स्थानिक लोक उठून उरलेल्या दोन आपापल्या पूर्ण करतात (नवख्याला वाटावे, कोणाचे तरी चुकले). दोन वेळांच्या नमाजा एकत्र अदा करण्यास शाफई मत प्रवासात परवानगी देते. हनफी मत मात्र ती हजच्या वेळी मक्केजवळच्या अरफात आणि मुजदलिफा येथेच मानते.