नर्स खाटेमागे मोजायची की माणसामागे?

पाचवी_विंग (मानपाडा, ठाणे)

धागा लांबलाय, आधीच सांगते. घाई असेल त्यांनी शेवटचा परिच्छेद वाचून थेट भांडायला यावं.

फेब्रुवारीत आईला पॅरालिसिसचा अटॅक आला, उजवी बाजू गेली. अठरा दिवसांनी घरी आणलं ते नाकात रायल्स ट्यूब (भरवायची नळी) आणि खाली कॅथेटर (लघवीची नळी) घेऊनच. डिस्चार्जच्या दिवशी नवरा बिलाच्या खिडकीवर, मी व्हीलचेअर धरून लिफ्टपाशी. ड्युटीवरची सिस्टर धावत आली आणि नळीतून पेज कशी सोडायची ते दाखवलं. "आधी सिरिंजने ओढून बघा, मग सोडा. दाबायचं नाही, आपोआप उतरू द्या. नंतर अर्धा तास तरी आडवं करू नका." लिफ्ट आली, शिकवणी संपली. तिला बोल लावत नाही. त्या मजल्यावर तिच्या एकटीकडे पंधरा पेशंट होते, मी मोजले होते.

त्या रात्रीपासून मी एक वही सुरू केली. नमुना देते: "रा. २.१०, डावी कूस, पाठीला उशी. ४.५०, उठायला उशीर झाला, माकडहाडावर लाल." अकरा दिवसांची बेरीज केली तेव्हा रोजचं नुसतं हाताचं काम सात तासांच्या वर भरलं. मग ब्युरोतून बारा तासांची मावशी ठेवली. बाई जिवाला जीव देणारी, पण नळी जागेवर आहे की नाही हे तपासायला तिला कुणी शिकवलेलं नाही. मलाही नव्हतंच.

आता मुद्दा. नर्स किती लागतात याचा आपल्याकडचा हिशोब खाटेवर बेतलेला. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण आहे: शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक, साध्या रुग्णालयात पाचांमागे एक. आई घरी आली, तिथली खाट रिकामी झाली. कागदावर तिची गरज संपली, आणि ती चौदाव्या मजल्यावर आमच्या हॉलमध्ये येऊन पडली. जागतिक आरोग्य संघटनेची 'विस्न' नावाची पद्धत आहे, ती उलटीकडून मोजते. कोणतं काम किती वेळा करावं लागतं, त्याला किती मिनिटं लागतात, रजा-सुट्ट्या वजा जाता एका नर्सला वर्षाचे किती तास उरतात, मग भागाकार. ही मोजणी घरी पडलेल्या पेशंटचीही करा ना! माझं म्हणणं असं की मनपाने रुग्णालयाच्या नव्या खाटा नंतर वाढवाव्यात, आधी प्रभागागणिक घरी येणाऱ्या नर्स नेमाव्यात. या, हाणा.

चहाटळ

आधी घोडबंदरचे खड्डे बुजवा, मग नर्स घरी पोचेल.

इन्चार्ज_सिस्टर (वर्तकनगर)

ताई, आईंचं वाचून वाईट वाटलं. पण तुमचा शेवटचा परिच्छेद मला साफ नामंजूर आहे.

मुंबईच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात चौतीस वर्षं काढली, शेवटची अकरा इन्चार्ज म्हणून. तुम्ही म्हणता तो पाचांमागे एकचा नियम आमच्या ऑफिसात कसा लावायचे ते ऐका. तीस खाटा, म्हणजे सहा नर्स. रजेसाठी वर तीस टक्के, म्हणजे आठ. झाली मंजुरी. आता ड्युटी लिस्ट लावा: मॉर्निंगला तीन, इव्हनिंगला दोन, नाईटला दोन, एक ऑफवर. एक पद रिकामं आणि एक बाळंतपणाच्या रजेवर हे कायमचंच. मग नाईटला एकटी. खाटा तीस, पेशंट चाळीस, दहा जमिनीवर गादी टाकून. नियमात जमिनीवरचा पेशंट मोजलेलाच नसतो. तेव्हा खाटेचा हिशोब चुकीचा हे तुमचं खरं, पण तो वॉर्डातच पुरा पडत नाही. असल्या वॉर्डातून माणसं काढून तुम्ही प्रभागात पाठवणार?

बिअट्रिस कॅलिश नावाच्या अमेरिकन बाईंनी २००६ मध्ये नर्सेसना समोर बसवून विचारलं होतं, तुमच्या हातून रोज काय राहून जातं? उत्तरं काय आली: पेशंटला चालवणं, कूस बदलणं, वेळेवर भरवणं, अंग पुसणं, घरी कसं करायचं ते शिकवणं, दोन शब्द धीराचे. इंजेक्शन राहत नाही, कारण त्याची सही असते. ज्याला सही नाही ते राहतं. तुमची लिफ्टपाशी झालेली शिकवणी त्याच यादीतली. वॉर्डात माणूस असता तर तुम्हाला चार दिवस आधीपासून रोज एक फीड तुमच्या हाताने द्यायला लावलं असतं. दुखणं तिथलं आहे, मलम घरी लावून काय होणार?

आणि ते लाल. दाबून बघितलंत का? बोट उचलल्यावर पांढरं होऊन परत लाल होतं की तसंच राहतं?

आकडेमोड (नौपाडा)

दोन्ही ताईंचा मान राखून. मी चाळीस खाटांच्या नर्सिंग होमचं ॲडमिन बघतो. इथे सगळे नर्स वाढवा म्हणतात, पगाराचा विषय निघाला की धागा शांत.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशावरून केंद्राने समिती नेमली होती. तिने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयात नर्सला किमान २०,००० रुपये द्या म्हटलं. दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार. समितीने सांगितलं, पण छोट्या रुग्णालयांना ते परवडेल कसं हे कोण बघणार? जीएनएम (नर्सिंगचा पूर्ण डिप्लोमा) झालेली मुलगी आमच्याकडे आठ महिने अनुभव घेते, सर्टिफिकेट घेते आणि गल्फला जाते. तिचंही चुकत नाही. मग मी एएनएमला (त्याहून छोटा कोर्स केलेलीला) स्टाफ नर्सच्या जागी उभी करतो. आवडतं म्हणून नाही. उद्या कॅलिफोर्नियासारखा कायदा आणलात (तिथे २००४ पासून प्रमाण सक्तीचं आहे, आयसीयूत दोघांमागे एक) तर ठाण्यातली निम्मी नर्सिंग होम शटर ओढतील. त्यात तुमच्या प्रभागाच्या नर्सचा पगार मालमत्ता करातूनच ना?

ऐरोलीकर

निम्मी बंद होतील हा आकडा कुठून आणलात? असो, मला दुसरंच म्हणायचंय.

नर्सिंगच्या संशोधनाचा हवाला देताना सगळे लिंडा एकेन यांच्यावर येऊन थांबतात. २००२ चा पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास: एका नर्सकडे एक पेशंट वाढला की शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांत तेच दिसलं. मान्य. पण तिथे एका नर्सकडे साधारण चार ते आठ पेशंट. सिस्टर सांगतायत एकटीकडे चाळीस. ती रेघ चाळीसपर्यंत तशीच ओढायची?

मुख्य म्हणजे तिकडच्या वॉर्डात नातेवाईक नसतो. आपल्याकडे प्रत्येक खाटेखाली चटईवर एक माणूस झोपलेला असतो. सलाईन संपत आली की तो उठतो, बेडपॅन तो लावतो, रक्त तपासायला तो पळतो. कॅलिशबाईंच्या यादीतली निम्मी कामं आपल्याकडे राहत नाहीत, वहिनी करते. म्हणून परदेशी आकडे इथे लावताना मला धास्ती वाटते. माझ्या मते तर आपल्याला जास्त नर्सची नाही, आहे त्या नातेवाइकाला नीट शिकवण्याची गरज आहे. स्वस्तात होईल.

इन्चार्ज_सिस्टर

ऐरोलीकर दादा, ती वहिनी पगार बुडवून बसलेली असते, तेही मोजा तुमच्या स्वस्तात. आणि ज्याला वहिनी नाही तो? बेवारस पेशंटच्या खाटेखाली चटई नसते.

केईएमच्या नर्स अरुणा शानबाग आठवतात? १९७३ ते २०१५, बेचाळीस वर्षं अंथरुणाला. अंगावर एकही बेडसोर नव्हता, याची सर्वोच्च न्यायालयानेही दखल घेतली. ते कुठल्या नातेवाइकाने नाही केलं, तिथल्या नर्सेसनी पिढी बदलत गेली तरी केलं. का जमलं? तर हे माणूस आपलं म्हणून वेळ काढला. तेवढा वेळ प्रत्येकासाठी काढायचा तर हात किती लागतील, एवढाच हिशोब मी मागतेय.

नातेवाइकाला शिकवा म्हणताय ते बरोबरच. पण शिकवणार कोण? तीच एकटी.

आकडेमोड साहेब, खर्चाचं म्हणाल तर ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड राज्याने २०१६ मध्ये प्रमाण सक्तीचं केलं, दिवसा चारांमागे एक, रात्री सातांमागे एक. २०२१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात हिशोब आला: पेशंट लवकर घरी गेले, परत भरती कमी झाले, आणि वाचलेला पैसा नव्या नर्सेसच्या खर्चाच्या दुपटीच्या घरात गेला.

आकडेमोड

तिथे वाचलेले पैसे सरकारचे, खर्चही सरकारचा. माझ्याकडे पेशंट लवकर घरी गेला तर माझी खाट रिकामी राहते, नर्सचा पगार तेवढाच. बोलायला वाईट वाटतं, पण फायदा कुणाच्या खिशात पडतो हे बघितल्याशिवाय कुठलंही संशोधन इथे लागू होणार नाही.

कोपरखैरणेची_एएनएम

इतका वेळ वाचत होते. घरी जाणारी नर्स नेमा, नेमा चाललंय. ती मीच आहे हो. नवी मुंबईत, कंत्राटी, अकरा महिन्यांची ऑर्डर, मधे एक दिवसाचा ब्रेक.

शहरी आरोग्य अभियानाच्या कागदावर एका एएनएमला १०,००० लोकसंख्या, ५०,००० लोकांना एक नागरी आरोग्य केंद्र. माझ्या वाट्याला त्याहून जास्त आहे, किती ते नको. मी करते काय? गरोदर बायकांची नोंद, बाळांची लस, बीपी-शुगरची मोजणी, टीबीच्या गोळ्या, सर्व्हे, आणि या सगळ्याची नोंद आधी रजिस्टरमध्ये, मग पोर्टलवर. चाळीत गेलं की बाया बोलावून पाणी देतात, टॉवरच्या गेटवर वॉचमन विचारतो, "ॲपवर एंट्री आहे का?" नसते. मग मॅडम इंटरकॉमवरून सांगतात, आमचं बाळ प्रायव्हेटला आहे. अंथरुणाला खिळलेली आजी वरच्या मजल्यावर असते, ते मला कळतच नाही. माझ्या रजिस्टरला तिचा रकाना नाही.

तेव्हा पाचवी विंग ताई, नवी नर्स नेमलीत तरी सहा महिन्यांत तिच्या हातात सर्व्हेच येईल. केरळात जमलंय, ते मी एका प्रशिक्षणात ऐकलं. मलप्पुरमला १९९९-२००० च्या सुमारास सुरुवात झाली, २००८ मध्ये राज्याने पॅलिएटिव्ह केअरचं (गंभीर दुखण्यात त्रास कमी करणाऱ्या सेवेचं) धोरणच केलं. तिथे नर्स पंचायतीची, गाडी ठरलेली, आणि गल्लीतले स्वयंसेवक आधीच यादी करून ठेवतात. नर्सच्या गळ्यात दुसरं काम नाही. ही शेवटची अट आपल्याकडे कोण पाळणार, सांगा.

सिस्टर, तुमच्या वॉर्डातून माणसं काढायची गरज नाही. माझ्याबरोबर जीएनएम झालेल्या तिघी घरी बसल्यात. मूल झालं, नाईट जमत नाही. दिवसाच्या चार घरी जायला त्या आनंदाने येतील.

ऐरोलीकर

हा मुद्दा आवडला. आपण सगळे 'नर्स कमी आहेत' म्हणतोय. शिकलेल्या किती आणि काम करतायत किती, हे दोन वेगळे आकडे आहेत.

इन्चार्ज_सिस्टर

घरी बसलेल्या आणायच्या तर कायम करून आणा. कंत्राटावर नको. मे २०२२ मध्ये नर्सेसनी संप केला तो बाह्यस्रोतातून भरतीच्या विरोधातच. 'समाजात सेवा' म्हणत तीच पद्धत मागच्या दाराने यायची, माझी भीती ती आहे.

पाचवी_विंग

सगळं वाचलं. 'खाटा नंतर' हे मी रागात लिहिलं, ते मागे घेते. प्रभागाची नर्स मागे घेत नाही. सिस्टर, वॉर्डात माणूस वाढला तरी आई घरी आल्यावर दुसऱ्या आठवड्यात नळी सरकली ती मला कोण सांगणार होतं? आकडेमोड साहेब, मावशीला महिन्याला जे देतो आणि वर ड्रेसिंगला येणाऱ्या ब्रदरला दर खेपेला जे मोजतो, त्यात चार घरं मिळून एक शिकलेली नर्स नक्की बसते. आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये विचारलं तर अंथरुणाला खिळलेले सहा निघाले. वॉचमनलाच माहीत होते, कारण डायपरचे खोके तोच वर पाठवतो.

आणि हो, दाबून बघितलं. बोट उचललं तरी लालच राहतं.

इन्चार्ज_सिस्टर

मग ती बेडसोरची पहिली पायरी आहे. चोळू नका, मालिश तर अजिबात नाही. पाठीवर झोपवणं बंद, तीस अंशांत कलती कूस, दोन तासांचा गजर लावा. डॉक्टरांना आजच कळवा. वहीचा एक फोटो टाका.

…

बघितला. कूस आहे, फीड आहे, औषध आहे. पाणी किती गेलं आणि पिशवीत लघवी किती आली, हे रकाने कुठे आहेत? तेवढं आजपासून सुरू करा. मी रविवारी चारला येते, मावशींना थांबवून घ्या. नळी मी त्यांनाच तपासायला लावणार आहे.

आकडेमोड

वर्तकनगर ते मानपाडा, जाऊन-येऊन आणि शिकवून अडीच तास. म्हणजे एका नर्सची दिवसाला तीन घरं. लिहून ठेवा, पुढे लागेल.

इन्चार्ज_सिस्टर

चार होतील. तुम्ही रिक्षा धरून मोजलंत.