फॅमिली ग्रुप: मावशीचं तिकीट आणि अलायन्सचा भरवसा

मावशी: सगळ्यांना एक विचारायचंय. लेकीकडे जायचं तिकीट काढतेय, मधे एकदा विमान बदलायचंय. एक सलग तिकीट आहे ते महाग आहे आणि दोन वेगवेगळी तिकिटं काढली तर बरंच स्वस्त पडतंय. एजंट म्हणतो दोन्ही एअरलाइन्स एकाच अलायन्समधल्या, म्हणजे कंपन्यांच्या एकाच गटातल्या आहेत, काही झालं तर त्या आपसात बघून घेतात. खरंय का हे?

दादा: मग घे ना स्वस्तातलं. अलायन्स असतं कशाला? स्टार अलायन्स, वनवर्ल्ड, स्कायटीम हे तीन मोठे गट, तिघंही हेच सांगतात की विमानं वेगळी असली तरी प्रवास एका कंपनीतून केल्यासारखा होतो.

मामा: अगं आक्का थांब, तिकीट काढू नकोस अजून. आमचं काय झालं ते ऐक आधी. मागच्या वेळी जाताना आम्ही अगदी हेच केलं होतं, दोन तिकिटं, दोन्ही कंपन्या एकाच अलायन्सच्या. पहिलं विमान पावणेदोन तास उशिरा उतरलं, बरं पहिल्या कंपनीसाठी आमचा प्रवास तिथेच संपत होता म्हणून बॅगाही तिथेच बेल्टवर येणार, इमिग्रेशन करून त्या घेऊन धावत दुसऱ्या काउंटरवर गेलो तर काउंटर बंद. तिथल्या मुलीने स्क्रीन आमच्याकडे वळवून दाखवला, नावापुढे नो शो, म्हणजे प्रवासी आलाच नाही. परतीचं तिकीट त्याच बुकिंगवर होतं तेही रद्द दाखवत होतं. मी म्हटलं अहो पहिली कंपनी तुमच्याच अलायन्सची आहे, तिच्यामुळे उशीर झाला. ती म्हणाली सर आमच्या सिस्टीममध्ये तुमचं फक्त हे एकच तिकीट दिसतंय, तुम्ही कुठून आलात ते मला दिसतच नाही.

मामी: नवीन तिकीट काढावं लागलं आणि रात्रभर खुर्चीवर बसून होतो. ती मुलगी वाईट नव्हती, दोनदा सुपरव्हायझरला विचारून आली. पण नियमच तसा म्हटल्यावर काय करणार.

मावशी: अगं बाई. मग अलायन्सचा उपयोग काय?

ताई: मावशी, एजंटने तीन गोष्टींची खिचडी केलीय. अलायन्स म्हणजे नेहमी उडणाऱ्या एकमेकांच्या कार्डवाल्यांना लाउंज, पॉइंट्स, वेळापत्रकं जुळवणं वगैरे. कोडशेअर म्हणजे विमान एकाचं आणि फ्लाइट नंबर दुसऱ्याचाही. आणि जॉइंट व्हेंचर म्हणजे एखाद्या रूटवर दोन कंपन्यांनी भाडं, वेळा, उत्पन्न सगळंच एकत्र ठरवणं. तुझं कनेक्शन चुकलं तर पुढचं विमान देण्याची जबाबदारी यातल्या कशावरच नाही ठरत, ती तुझ्या तिकिटावर ठरते. एकाच पीएनआरवर, एकाच तिकिटात दोन्ही फ्लाइट असतील तर तुला मुक्कामाला पोचवायचं काम त्यांचं. वेगळी तिकिटं असली तर कधीकधी एखादा स्टाफ मदत करतोही, पण तो त्याचा चांगुलपणा, तुझा हक्क नाही.

मामा: अगदी बरोबर. परतीला आम्ही शहाणे झालो आणि सलग तिकीट घेतलं. गंमत म्हणजे त्यातल्या दोन कंपन्यांपैकी एक कुठल्याच अलायन्समध्ये नव्हती. तेव्हाही पहिलं विमान लेट. पण विमानातून बाहेर पडतोय तोच दारात एक माणूस आमची नावं लिहिलेला कागद घेऊन उभा, हातात पुढच्या विमानाचे नवीन बोर्डिंग पास. बॅगेच्या टॅगवर पहिल्यापासून शेवटच्या एअरपोर्टचाच तीन अक्षरी कोड होता, बॅगांना आम्ही मधे हातही लावला नाही.

दादा: ओके, हे माहीत नव्हतं. पण मग अलायन्समुळे तिकिटं तरी स्वस्त होतात ना?

ताई: हो आणि नाही. हे मला कॉलेजला होतं म्हणून सांगते. दोन अनोळखी कंपन्या जोडून जायचं तर प्रत्येक जण आपापल्या टप्प्यावर स्वतंत्र नफा चढवतो आणि प्रवाशाला दोन्ही भरावे लागतात. एकत्र भाडं ठरवलं की त्यांनाच कळतं की एकूण भाडं जरा उतरवलं तर माणसं जास्त येतील. ब्रुकनर आणि व्हेलन या अर्थतज्ज्ञांचा 2000 सालचा पेपर आहे, त्यात अलायन्सच्या भागीदारांची अशी जोड-भाडी साधारण 25 टक्के कमी निघाली होती. म्हणजे लहान शहरातून लहान शहरात, मधे विमान बदलून जाणाऱ्याचा फायदा होतो, आणि तो खरा आहे, मी तो नाकारत नाही.

पण जिथे त्याच दोन कंपन्या एकाच थेट रूटवर आधी एकमेकींशी भांडत होत्या आणि आता हातात हात घालून भाडं ठरवतात तिथे काय होईल सांग? लंडन-न्यूयॉर्क घे. 2010 मध्ये ब्रिटिश एअरवेज, अमेरिकन एअरलाइन्स आणि आयबेरियाला असं एकत्र काम करायचं होतं तेव्हा युरोपियन कमिशनने (युरोपियन युनियनमध्ये स्पर्धेवर नजर ठेवणारी संस्था) त्यांना लंडनचे स्लॉट, म्हणजे विमान उतरवायच्या-उडवायच्या ठरलेल्या वेळा, दुसऱ्या कंपन्यांना द्यायला लावले, न्यूयॉर्कबरोबर बोस्टन, डॅलस, मायामीसाठीही. 2013 मध्ये फ्रँकफर्ट-न्यूयॉर्कवर लुफ्तान्सा, युनायटेड आणि एअर कॅनडाकडून तसंच लिहून घेतलं. प्रवाशाचं नुकसान होणारच नसतं तर हे कशाला करावं लागलं असतं? मला यात अलायन्सपेक्षा हे जॉइंट व्हेंचरच जास्त खुपतं, कारण लोकांना ते दिसतच नाही, साइटवर चार वेगळे फ्लाइट नंबर दिसतात आणि वाटतं चार पर्याय आहेत, प्रत्यक्षात विमान एकच.

वहिनी: मी कामासाठी महिन्यातून दोनदा उडते त्यामुळे माझं मत थोडं वेगळं. गोल्ड कार्ड आहे, कुठल्याही भागीदार कंपनीच्या विमानाला लाउंज मिळतं, जादा बॅग मिळते, फ्लाइट रद्द झाली तर रांगेत आधी नंबर लागतो. मला अलायन्सचा नक्की फायदा आहे. पण वर्षातून एकदा जाणाऱ्याने पॉइंट्ससाठी महाग तिकीट घेऊ नये हेही सांगते, स्वस्त प्रकारच्या तिकिटाला भागीदार कंपनीवर कधीकधी शून्य पॉइंट्स मिळतात.

दादा: आणि कंपनीच अलायन्स सोडून गेली तर?

वहिनी: जातातच की. स्कँडिनेव्हियाची एसएएस तर 1997 मध्ये स्टार अलायन्स काढणाऱ्या पाच कंपन्यांपैकी एक, ती 1 सप्टेंबर 2024 ला स्कायटीममध्ये गेली. दक्षिण अमेरिकेतली लाताम 2020 मध्ये वनवर्ल्डमधून बाहेर पडली. वर्षानुवर्षं पॉइंट्स साठवलेल्या माणसाला त्या दिवसापासून वेगळीच विमानं शोधावी लागतात. उलट एमिरेट्स तिन्हीपैकी कशातच नाही, तरी 2013 पासून वनवर्ल्डच्या क्वांटासबरोबर तिचं जमतंय.

मावशी: बॅग हरवली तर काय?

ताई: सलग तिकिटावर पहिल्या कंपनीकडे, शेवटच्या कंपनीकडे किंवा जिच्याकडे असताना बॅग हरवली तिच्याकडे भरपाई मागता येते, 1999 च्या माँट्रियल करारात तशी तरतूद आहे. पण एअरपोर्ट सोडायच्या आधी तिथल्या डेस्कवर लेखी तक्रार कर आणि टॅगची चिठ्ठी जपून ठेव, बोर्डिंग पासच्या मागे चिकटवतात ती.

मामी: आणि आक्का, औषधं हातातल्या पर्समध्येच ठेवा हो, मोठ्या बॅगेत नको.

मावशी: एजंटला फोन केला आत्ता. सलग तिकीट, मधे तीन तास आहेत. पण दुसऱ्या फ्लाइटखाली बारीक अक्षरात ऑपरेटेड बाय म्हणून भलत्याच कंपनीचं नाव आहे.

ताई: ते कोडशेअर, घाबरू नकोस. विमान त्या कंपनीचं असेल आणि टर्मिनलही बहुतेक तिचंच. त्याला विचार टर्मिनल बदलावं लागतं का आणि तिकिटावर बॅगेचं वजन काय लिहिलंय.

मावशी: टर्मिनल एकच आहे म्हणाला. दोन बॅगा, 23-23 किलो. घेते मग हेच.

मामा: चेक-इन झालं की टॅगचा फोटो टाक इथे, शेवटचा कोड बघून सांगतो.