मदत हवी आहे: पावसाळ्यात हरिश्चंद्रगडावर लहान मुलाला गारठ्यापासून कसे सांभाळावे?

नमस्कार मंडळी,

येत्या श्रावणात आम्ही घरातील काही जण पाचनईच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर जाणार आहोत. सोबत माझा अकरा वर्षांचा भाचा आणि साठी ओलांडलेले माझे वडील असतील. दोघांनाही चालण्याची चांगली सवय आहे, त्यामुळे चढाईची चिंता नाही, आणि गडावर मुक्काम न करता अंधारापूर्वी पाचनईत परतण्याचा बेत आहे. काळजी आहे ती माथ्यावरच्या गारठ्याची.

गेल्या पावसाळ्यात भाचा चढताना घामाघूम झाला होता. कोकणकड्यावर धुके विरळ होण्याची वाट पाहत आम्ही थांबलो, आणि कड्याखालून उसळून येणाऱ्या वाऱ्यापावसात त्याचे दात वाजू लागले, ओठ निळसर पडले आणि विंडचीटरची चेनही त्याला स्वतःला ओढता येईना. चालू लागल्यावर अंगात थोडी ऊब आली आणि गावात चुलीपाशी बसल्यावर तो पूर्ववत झाला, परंतु बर्फ पडत नसलेल्या आपल्या सह्याद्रीत एवढी थंडी बाधू शकते याची घरात कोणालाच कल्पना नव्हती.

प्लॅस्टिकचा रेनकोट घातला की मूल घामाने आतून भिजते आणि काढला की पावसाने भिजते, यावर उपाय काय? वडिलांचे म्हणणे असे की त्यांच्या लहानपणी धनगर आणि गुराखी घोंगडीची खोळ डोक्यावरून घेऊन दिवसभर पावसात उभे राहत, तेव्हा आपणही घोंगडीच न्यावी. हे आज कितपत व्यवहार्य आहे? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मुलाच्या कोणत्या लक्षणावरून मागे फिरण्याचा निर्णय घ्यावा?

प्रतिसाद १

नमस्कार ताई,

आपण गारठ्याचा प्रश्न आधीच विचारात घेतलात हे फार चांगले केलेत. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे ओले कपडे, वारा आणि थांबलेले शरीर हे तिन्ही एकत्र आले की पंधरा-सोळा अंश तापमानातही माणूस गारठू शकतो. मुलांच्या शरीराचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने अधिक असल्यामुळे ती मोठ्यांपेक्षा लवकर गार पडतात.

पावसाळी चढाईत कोरडे राहणे शक्यच नाही, हे आधी मान्य करावे. चालताना भिजणार हे गृहीत धरून त्या वेळी कमीत कमी कपडे घालावेत, म्हणजे अंगात पॉलिएस्टरचा पातळ टी-शर्ट आणि वाऱ्यापुरते विंडचीटर एवढेच असावे. पॉलिएस्टर स्वतः जवळजवळ पाणी शोषत नाही, उलट सुती बनियन आणि जीन्स पाणी धरून ठेवतात व अंगाची ऊब ओढून घेतात, म्हणून ती घरीच ठेवावीत. खरी काळजी थांबल्यावर घ्यायची असते. सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड घट्ट बांधून प्रत्येकाचा कोरडा टी-शर्ट, फ्लीसचे जॅकेट, कानटोपी आणि मोजे ठेवावेत. केवळ रेनकव्हरवर विसंबू नये, कारण पाठीकडून पाणी आत शिरतेच. माथ्यावर देवळाजवळच्या एखाद्या गुहेत आडोसा मिळताच, थंडी वाजण्याची वाट न पाहता, मुलाचा टी-शर्ट बदलून वर फ्लीस आणि त्यावर विंडचीटर चढवावे. कोकणकड्यावर त्यानंतरच जावे आणि तेथे वाऱ्यात ताटकळू नये. केदारेश्वराच्या गुहेतील गार पाण्यात उतरून प्रदक्षिणा घालण्याचा मोह अनेकांना होतो, पण मुलाला त्या पाण्यात मुळीच उतरवू नये.

आपल्या वडिलांचे म्हणणे अगदी बरोबर आहे. लोकर भिजली तरी बरीचशी ऊब राखते, शिवाय चिंचोक्याची खळ दिलेली घट्ट विणीची घोंगडी पाऊस बराच वेळ थोपवते. मात्र भिजल्यावर ती फार जड होते, त्यामुळे खडकाळ वाटेवर ती मुलाच्या अंगावर देऊ नये. त्याऐवजी पाच-सहा जण दाटीवाटीने बसून डोक्यावरून ओढून घेऊ शकतील एवढे मेणकापड सोबत ठेवा. त्याखाली सगळ्यांच्या अंगाची ऊब साठते आणि चहाही निवांत पिता येतो. खाली बसायला कॅरीमॅटचा तुकडा हवा, कारण ओला कातळही उष्णता खेचून घेतो.

प्रतिसाद २

मी डॉक्टर आहे आणि पावसाळ्यात नेमाने डोंगरात जाते, म्हणून लक्षणांविषयी लिहिते. शरीराच्या आतील तापमान ३५ अंशांखाली गेले की त्या अवस्थेला हायपोथर्मिया म्हणतात, पण डोंगरात ते मोजत बसण्यापेक्षा माणसाकडे पाहावे. थरथर हा शरीराने स्वतःहून केलेला बचाव असतो. बोटांनी चेन ओढता न येणे, पाय अडखळणे, शब्द जड येणे, विनाकारण चिडचिड करणे किंवा एकदम गप्प होणे यांपैकी काहीही दिसले, तर तेथेच थांबून आडोसा शोधावा. ओले कपडे काढून कोरडे घालावेत, डोके झाकावे आणि शुद्ध नीट असेल तर गरम, गोड पेय घोट-घोट द्यावे. हातपाय चोळू नयेत. ऊब छाती, मान आणि काखांना द्यावी. मूल ऊब न येताच थरथरायचे थांबले आणि सुस्तावले, तर ती सुधारणा नव्हे. अशा वेळी त्याला चालवू नये, आडवे ठेवून, गुंडाळून, तातडीने मदत मागवावी. मोठ्यांपैकी कोणीही ऊब येण्यासाठी मद्य घेऊ नये, कारण त्याने त्वचेकडे रक्त वळते आणि शरीर आणखी लवकर गार होते.

थरथरण्यासाठी शरीराला इंधन लागते, म्हणून गूळ-शेंगदाणे, चिक्की, खजूर थोड्या-थोड्या वेळाने खायला द्यावेत. गारठ्यात तहान जाणवत नाही, तरी पाणी पाजत राहावे.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. डॉक्टर, आपण सांगितलेल्या लक्षणांवरून भाच्याची गेल्या वेळची अवस्था किती गंभीर वळणावर होती हे आता कळले. एकच शंका उरली आहे. वडिलांनाही हेच निकष लावावेत का?

प्रतिसाद २

हेच निकष लावावेत, पण त्यांच्याकडे अधिक बारकाईने लक्ष द्यावे. वय वाढल्यावर थरथर उशिरा आणि कमी होते, शिवाय थंडी वाजत असल्याची जाणीवही मंदावते, त्यामुळे "मला काही होत नाही" या त्यांच्या उत्तरावर न थांबता दर विसाव्याला त्यांना स्वतःच्या हाताने सॅकचे बक्कल लावायला सांगा. ते जमले नाही, तर त्यांनाही आडोशाला बसवून कोरडे कपडे घालावेत आणि दोघे पूर्ण सावरल्यावर कोकणकडा न करता थेट खाली उतरावे.