मदत हवी आहे: बोटीचे फेंडर खांबावरून सटकतात, शिवाय चिकट झालेत

नमस्कार मंडळी,

२४ फुटी फायबरची मोटरबोट आहे, सेकंडहँड घेतलेली. तिच्यासोबत पांढरे, हवा भरायचे, लांबुळके चार फेंडर (बोट धक्क्याला घासू नये म्हणून बाजूला लटकवायच्या उश्या) आले. बोट उभी करायची जागा म्हणजे पक्का धक्का, तरंगती जेटी नाही. धक्क्याच्या पुढे ठरावीक अंतरावर उभे लाकडी खांब आहेत. भरती-ओहोटीत पाणी पाच-सहा फूट वर-खाली होतं.

फेंडर उभे लटकवले की थोड्याच वेळात खांबाच्या अल्याड-पल्याड सरकतात आणि खांब थेट बोटीच्या अंगाला घासतो. जेलकोटवर (फायबरवरच्या चकचकीत थरावर) पंजाएवढ्या पट्ट्याची चकाकी गेलीय, मधे एक ओरखडा तर नखाला लागतो. त्यात फेंडर चिकट झालेत. हात लावला की बोटांना काळपट राप येतो, तोच पुढे बोटीला लागतो.

मोठे फेंडर घेतले तर सटकणं थांबेल का? किती मोठे, किती घ्यावेत? हवा किती भरायची? चिकटपणा थिनरने जाईल का? एकाने सरळ जुने टायर लटकव म्हणून सांगितलंय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

प्रतिसाद: सुकाणू

थिनरची बाटली आधी खाली ठेवा, बाकीचं नंतर बोलू. हे फेंडर पीव्हीसीचे असतात. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घालतात. उन्हातान्हात वर्षं गेली की तो पृष्ठभागावर येतो आणि चिकट थर बनतो, त्यावर धूळ बसते. थिनर किंवा ॲसिटोनने वरचा थर विरघळतो, तासभर छान दिसतं आणि मग आधीपेक्षा जास्त चिकटतं. साधा साबण, कोमट पाणी, मऊ ब्रश, बस. त्याने राप जाईल. मुरलेला चिकटपणा मात्र कायमचा जात नाही. असा फेंडर कापडी कव्हरात घाला नाहीतर बदला.

मापाचा ढोबळ हिशोब असा: लांबुळक्या फेंडरला बोटीच्या दर ४-५ फूट लांबीमागे १ इंच व्यास. गोल फेंडरला त्याच्या दुप्पट. म्हणजे तुमच्या बोटीला ५-६ इंच पुरतात, पण तो आकडा शांत पाण्यातला. वारा, लाटा, शेजारून भरधाव जाणाऱ्या बोटी असतील तर ८ इंची घ्या. संख्या दर १० फुटांमागे एक, तीनपेक्षा कमी नकोच. तुमच्याकडे चार आहेत, संख्येचा प्रश्न नाही.

प्रतिसाद: खारावारा

सुकाणूंशी सहमत, पण मूळ दुखणं मापात नाहीये. १० इंची फेंडर आणलात तरी तोही सटकेल. उभा फेंडर सपाट भिंतीसाठी किंवा तरंगत्या जेटीसाठी ठीक, कारण समोर सलग पृष्ठभाग असतो. तुमच्यासमोर एकच खांब. बोट हातभर पुढे-मागे झाली की फेंडर आणि खांबाची चुकामूक ठरलेली.

यावर फळी वापरतात. चार-पाच फूट लांब, सहा इंच रुंद, दोन इंच जाड फळी घ्या, दोन्ही टोकांना भोकं पाडून दोर ओवा. बोटीला दोन फेंडर उभे, मधे अंतर ठेवून. त्यांच्या बाहेरून फळी आडवी. खांब फळीवर घासेल, फळी फेंडरवर टेकेल, फेंडर बोटीवर. आता बोट फळीच्या लांबीत पुढे-मागे झाली तरी बिघडत नाही. फळीच्या कडा गोल करून घ्या आणि भोकांच्या कडा पॉलिश पेपरने नीट घासा, नाहीतर तिथेच दोर काचतो.

दुसरं म्हणजे, स्प्रिंग लाइन बांधता का? फक्त नाळेचा (बोटीच्या पुढच्या टोकाचा) आणि पिछाडीचा दोर असेल तर बोट पुढे-मागे झुलणारच. एक दोर नाळेकडून मागच्या दिशेने धक्क्यावर, एक पिछाडीकडून पुढच्या दिशेने. हे दोर लांब ठेवा. पाणी चढलं-उतरलं तरी लांब दोराला फार फरक पडत नाही, आखूड दोर मात्र ओहोटीत बोटीला टांगून धरतो. माझ्या मते तुमची निम्मी तक्रार इथेच मिटेल.

प्रतिसाद: मूळ धागाकर्ता

धन्यवाद! स्प्रिंग लाइन नाहीत. नाळ आणि पिछाडी, एवढंच बांधतो. फळीचं काम करतोच. फेंडर सध्या वरच्या रेलिंगच्या तारेला बांधलेत, ते चालेल ना? आणि हवेचं राहिलं.

प्रतिसाद: सुकाणू

तारेला नको हो! बोट दाबली गेली की सगळा ओढा त्या तारेवर आणि तिच्या खांबांवर येतो. खांब वाकतात, बुडाशी डेकवर तडे जाऊन पाणी झिरपतं. शिवाय उंचावर बांधलेला फेंडर जास्त झुलतो. क्लीटला (डेकवरच्या दोर बांधायच्या खुंट्याला) बांधा, किंवा फारतर रेलिंगच्या खांबाच्या अगदी बुडाशी. गाठ क्लोव्ह हिच, कारण उंची चटकन बदलता येते; पण ती सैल पडते, म्हणून उंची ठरली की वर दोन अर्ध्या गाठी मारा. फेंडरचं बूड पाण्याच्या जरा वर राहू द्या. पाण्यात बुडालेला फेंडर लाटेसरशी वर उसळतो आणि डेकवर येऊन पडतो.

हवा फार कमी लागते, साधारण २ पीएसआय. गाडीच्या टायरमध्ये ३० च्या आसपास असते, यावरून अंदाज घ्या. अंगठ्याने दाबलं की थोडं आत गेलं पाहिजे. पेट्रोल पंपावरच्या कॉम्प्रेसरला लावू नका, क्षणात शिवण उसवेल. सकाळच्या गारव्यात टणक भरलेला फेंडर भर दुपारी आणखी ताणतो, तेव्हा जरा मऊच बरा. व्हॉल्व्ह सुईचा असेल तर सुई ओली करून घाला, कोरडी सुई रबर फाडते. हवा जाते असं वाटलं तर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे दिसतील.

प्रतिसाद: काथ्या

टायरबद्दल कुणीच बोललं नाही. मच्छीमार बोटींना टायर चालतात, कारण तिथे अंग जाड आणि रंग दरवर्षी नव्याने लागतो. तुमच्या पांढऱ्या जेलकोटवर काळे पट्टे उमटतील. लावायचाच तर बाहेरून जाड कॅनव्हास शिवा आणि तळाला भोक पाडा, आत पाणी साचलं की वजन वाढतं.

कव्हराबाबत एक सांगतो. कव्हर फेंडरला आणि बोटीला दोन्हींना वाचवतं, पण स्वच्छ असेल तरच. त्यात रेती आणि मीठ अडकलं की तेच बोटीला घासत बसतं. आठवड्याला गोड्या पाण्याने धुवा, महिन्याकाठी काढून आतूनही. आणि दोर बघताना गाठीकडे नको, फेंडरच्या डोळ्यातून (दोर ओवायच्या भोकातून) जातो तिथे बघा. तिथले तंतू पिंजले असतील तर दोर आजच बदला. डोळ्याच्या बुडाशी बारीक चीर दिसली तर फेंडरच बाद.

प्रतिसाद: मूळ धागाकर्ता

आत्ताच जाऊन पाहिलं. चारपैकी एकाच्या डोळ्याला चीर आहे, दोन चिकट, एक ठणठणीत. ८ इंची तीन नवे घेतो. चिकट दोन फळीमागे कव्हर घालून वापरले तर चालतील ना?

प्रतिसाद: खारावारा

चालतील की, हवा धरत असतील तर. फक्त दोन्ही एकाच जाडीचे असू द्या, नाहीतर फळी तिरकी बसेल. आणि निघताना फळी आधी आत घ्या, मग फेंडर. नखाला लागतो म्हणताय तो ओरखडा पॉलिशने जाणार नाही, जेलकोट भरावा लागेल. त्याचा वेगळा धागा काढा, इथे हरवेल.