दुपार खायला उठते तेव्हा : घरातल्या ज्येष्ठांचा विरंगुळा (अनुभव धागा)

मीरा_डोंबिवली

काल माळा आवरताना बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पत्त्यांचा जोड सापडला. त्यात किलवरचा गुलाम नाही. त्याच्या जागी कुणाच्या तरी व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर बॉलपेनने काढलेला मिशीवाला गुलाम. चित्रकार आमचे आजेसासरे, अप्पा. तीनशे चार या पत्त्यांच्या खेळात गुलामाचे ३० गुण, म्हणजे सगळ्यात मोठं पान, आणि ते कुणाच्या हातात आहे हे मागून अख्ख्या टेबलाला दिसायचं. त्यावरून जी भांडणं व्हायची!

अप्पा गिरगावातल्या चाळीतून आमच्याकडे आले तेव्हा ८१ वर्षांचे होते. चाळीत गॅलरी होती, येणारा-जाणारा दोन शब्द बोलायचा. इथे दार लावलं की संपलं. दर वीस मिनिटांनी "किती वाजले?" टीव्ही लावून दिला, जपमाळ दिली. नणंदेने हौसेने रंगवायचं पुस्तक आणलं तर म्हणाले, "मला बालवाडीत घालताय का?"

मग समोरच्यांचा कॉलेजातला मुलगा आणि त्याचे दोन मित्र सुट्टीत खेळ शिकायला आले. अप्पांनी त्यांना अक्षरशः झापत शिकवलं. गुलाम ३०, नव्वी २०, एक्का ११, दश्शी १०, राजा ३, राणी २, एका रंगाचे ७६, चार रंगांचे ३०४. ज्याला हे पाठ नाही त्याला पानं मिळणार नाहीत! महिन्याभरात दुपारी तीनला दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार. पोरं त्यांना मुद्दाम जिंकू देत नसत. एकदा माझ्या नवऱ्याने दया येऊन हात सोडला, तर पानं टाकून उठले ते रात्री जेवायलाच बाहेर आले.

तुमच्याकडे काय चाललं, काय नाही चाललं, ते लिहा. उपदेश नको, अनुभव हवेत.

टवाळ_पक्षी

मिशीवाल्या गुलामाचा फोटो टाका आधी 😂

कागलकर

आमच्या आबांनी पंच्याहत्तरीला सांगितलं, केक नको, आधार कार्डाची झेरॉक्स आणा. २०२२ पासून एसटी ७५ पूर्ण झालेल्यांना फुकट नेते, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट. आबा आणि तालमीतले दोन जुने गडी, सकाळच्या गाडीनं निघायचं. आज गारगोटी, पुढच्या खेपेला मलकापूर, नाहीतर गडहिंग्लज. काम काय? काही नाही. स्टँडवर चहा, बाजारात भाव काढायचे, घ्यायचं काही नाही, दुपारच्या गाडीनं परत. संध्याकाळी आम्हाला रिपोर्ट : वांगी कुठं स्वस्त, रस्त्याचं काम कुठं अडलंय, कुठल्या कंडक्टरची बदली झाली.

निपाणीला मात्र जात नाहीत. फुकटाची हद्द कागलच्या पुढं संपते आणि तिकीट काढून जाण्यासारखं तिथं काय आहे म्हणतात.

आज्जीचं म्हणणं वेगळं आहे. ह्यांना दळण आणायला सांगितलं की गुडघा दुखतो, एसटीच्या पायऱ्या कशा चढवतात?

शब्दखूळ

आज्जी रॉक्स.
आमच्याकडे शब्दकोडं. बाबा पेनने सोडवतात, पेन्सिल म्हणजे कमीपणा. अडलं की मला ऑफिसात फोन, मीटिंग असो नसो. "चार अक्षरी, शेवटचं अक्षर 'र', हत्ती." बाबा, गूगल करा ना. तर म्हणे गूगलला विचारायचं तर तुला कशाला शिकवलं.

मीरा_डोंबिवली

कुंजर? नाही, तीनच अक्षरं होतात.

एकटीच_चालते

थोडं वेगळं लिहिते, कुकर लावलाय, घाईत आहे. सासरे कट्ट्यावर जायचे बंद झाले. सासूबाई गेल्यापासून मन लागत नाही असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. बोलायला जावं तर हो-हो करून विषय संपवायचे. शेवटी कानाच्या डॉक्टरांकडे नेलं तर एका कानात मळाचा बोळा आणि दुसऱ्याने खरंच कमी ऐकू येतंय. चार माणसं एकदम बोलायला लागली की त्यांना काही कळायचं नाही, चुकीच्या जागी हसायला नको म्हणून जायचंच सोडलेलं. यंत्राची सवय व्हायला वेळ लागला, सुरुवातीला भांड्यांचा आवाज सहन व्हायचा नाही, काढून खिशात ठेवायचे. आता जातात कट्ट्यावर. तेव्हा छंद वगैरे शोधायच्या आधी कान आणि डोळे तपासा. आईचंही तसंच, मोतीबिंदू काढल्यावर वाचन आपोआप सुरू झालं.

शिट्ट्या झाल्या, येते.

देवरुखची_लेक

कानाचं अगदी पटलं.

आमची काकू वाती करते. ८८ वय. दुपारी पाटावर कापूस घेऊन बसते, शेजारी वाटीत राख. सरकी काढायची, कापूस बोटांनी मोकळा करायचा, राखेचं बोट लावून मांडीवर वळायचं. हात थरथरतो, पण वात वळताना थरथरत नाही, हे मी स्वतः बघितलंय, कसं ते माहीत नाही. आधी घरापुरत्या करायची. मग देवळातल्या गुरवांनी एकदा सांगितलं की काकू, त्रिपुरी पौर्णिमेला वाती तुमच्याकडूनच घेणार. झालं! आता तिला वेळ नसतो. आम्ही बोलायला गेलो तर "मागे पडलेय गं, नंतर बोलू."

निवांत_पुणेकर

सगळ्यांचं वाचलं. जरा वेगळं मत मांडतो, रागावू नका. माझी आई ८४. तिला काहीही करायचं नसतं. खिडकीत बसते, रस्ता बघते. बहीण फोनवरून सारखी मागे लागते, तिला हास्य क्लबात घाल, भजनी मंडळात घाल. आई म्हणाली, "चाळीस वर्षं पाचला उठून डबे केले, आता जरा बसू द्या की मला." मला पटलं. मी संध्याकाळी नुसता शेजारी बसतो. कुणाची गाडी नो पार्किंगमध्ये लागलीय यावर चर्चा होते.

मीरा_डोंबिवली

रागावायचं काय त्यात. अप्पा स्वतः वेळ विचारत होते, तुमच्या आईंना घड्याळाशी घेणंच नाही. दोन्हींत फरक आहेच.

बर्फातला_नाशिककर

न्यू जर्सी. बाबा सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेत, नेमके हिवाळ्यात. गाडी चालवता येत नाही, फुटपाथवर बर्फ, आम्ही दोघं दिवसभर कामावर. रोज रात्री साडेआठला बाबा स्वेटर घालून, केस विंचरून फोनसमोर बसतात, कारण तेव्हा नाशिकला सकाळचे सात वाजतात आणि त्यांचा कट्टा भरतो. मित्रमंडळी फोन बाकावर पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवतात. बाबांना अर्धा वेळ कुणाचं तरी पोट आणि वर कडुनिंब एवढंच दिसतं. तरी हलत नाहीत. परवा तिकडे कुणीतरी चुकून फोनवर पिशवी ठेवली. बाबा वीस मिनिटं काळा पडदा बघत "अहो, पिशवी काढा" म्हणत होते आणि तिकडे सगळ्यांना वाटलं की नेटवर्क गेलं.

टवाळ_पक्षी

"अहो पिशवी काढा" 🤣 ऑफिसात हसतोय, बॉस बघतोय.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या मोठ्या आईला स्मृतिभ्रंश आहे. मला तिच्या बहिणीच्या नावानं हाक मारते, मी ओ देतो. सकाळी जेवली की नाही ते आठवत नाही, पण रामरक्षा सुरू करून दिली तर न अडखळता शेवटपर्यंत. टॉवेलांच्या घड्या फार सुंदर घालते. तुरीची डाळ आणि तांदूळ मिसळून देतो, ती दुपारभर वेगळे करते. रात्री मी पुन्हा मिसळतो.

पण खरा फरक पडला तिला सांभाळायला येणाऱ्या मावशींमुळे. त्या भंडाऱ्याकडच्या, मोठी आईचं माहेरही तिकडचंच. दोघी धानाच्या रोवण्यावर तासन्‌तास बोलतात. चिखलात पाय कसे बधिर व्हायचे, गाणं कोण सुरू करायचं. मोठी आई तेच परत परत सांगते आणि मावशी दर वेळी "मग काय झालं?" विचारतात. मला तेवढा धीर नाही, खरं सांगतो.

देवरुखची_लेक

डाळ-तांदूळ पुन्हा मिसळायचं मला कसंसंच वाटतं हो. आम्ही आत्याला मेथी निवडायला देतो, मटार सोलायला देतो. अर्ध्या काड्या पाल्यात राहतात, ते मी नंतर बघते. पण संध्याकाळी भाजी पानात येते आणि "ही तुम्ही निवडलेली" म्हणता येतं.

वऱ्हाडी_ठेचा

तुमचं बरोबर आहे ताई. पण रोज एवढे मटार आणायचे कुठून, आणि खायचे कुणी? मेथी करून बघतो.

शब्दखूळ

एक नाजूक मुद्दा, कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. आई नाटकाला, लग्नाला नको म्हणायची. "तिकडे काय, गर्दी असते." कारण निघालं लघवीचं. तीन तास थांबता येत नाही आणि रांगेत बसलेल्यांना उठवायची लाज. आता कडेची खुर्ची घेतो, दाराजवळची. आत शिरताना आधी स्वच्छतागृह कुठे आहे ते दाखवतो, तिथे कमोड आहे का ते आधीच फोन करून विचारतो. घरून निघताना पाणी न पिण्याचा तिचा हट्ट होता, त्याने भलतंच दुखणं ओढवलं असतं. मागच्या महिन्यात तिने स्वतः विचारलं, पुढचं नाटक कधी.

एकटीच_चालते

अगदी अगदी. आमच्याकडे प्रवासात हेच.

देवरुखच्या ताई, वातींसाठी कापूस कुठला वापरता? मी सासूबाईंसाठी मेडिकलमधून आणायचे, तो वळताना तुटायचा.

देवरुखची_लेक

मेडिकलचा नको. देवकापूस लावा, परसात एक झाड पुरतं. कुंडीतही येतं, पण कुंडी मोठी हवी. बोंडं फुटली की लगेच काढायची, नाहीतर पाऊस लागून काळी पडतात.

कागलकर

आबांना सांगतो, बिया कुठल्या तरी बाजारात शोधून आणतील. फुकटात.

देवरुखची_लेक

आबांना देवरुखलाच धाडा, एसटी येते 😄 बाकी कुणाला बिया हव्या असतील तर पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करा. काकूला विचारून पाठवते, पण पौर्णिमेच्या आधी नाही, आत्ता ती कुणाला जवळ येऊ देत नाहीये.